मागण्याआधी प्यालेली कॉफी

२० ऑक्टोबर

नायफ,

तू मला भेटायला बाहेर आला नाहीस, तरी आईला मी सांगितलं की आलास. आता तू काय काय बोललास ते तुलाही ठाऊक असलेलं बरं, म्हणून लिहिते. तू तिला सलाम सांगितलास, तब्येत बरी आहे म्हणालास, आणि तिथली मसुराची डाळ म्हणजे नुसतं पिवळं पाणी अशी तक्रार केलीस. ही तक्रार मी मुद्दाम घातली. सगळं छान आहे म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

अक्रोड भरून तेलात मुरवलेली वांगी आणली होती, तुझ्या आवडीची. तुरुंगाच्या पहारेकऱ्याने बरणी आत जाऊ दिली नाही. परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसली होती, तिचाही मुलगा तुमच्याकडेच आहे आणि तोही बाहेर आला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून अर्धी बरणी संपवली आणि वाटभर तुम्हा दोघांना शिव्या घातल्या. खूप दिवसांनी घास गोड लागला.

हे पत्र तुझ्याआधी तिथले साहेब वाचणार. साहेब, तुम्हालाही सलाम. यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त वाचून झालं की माझ्या भावाला तेवढं वाचायला लावा.

आता कामाचं. रजाकाका म्हणतात, जैतुनाची तोडणी उरकली की अबू शाहेरच्या दारात जाहा न्यायची. गावातली मानाची माणसं बरोबर घ्यायची, काका पुढे होऊन बोलतील, तुमच्या पोरीच्या, लमीसच्या मृत्यूबद्दलचा हक्क सोडा म्हणून पदर पसरतील. पैशाचा प्रश्न नाही, त्यांना पैसा नकोच आहे. पण त्यांनी हक्क सोडला असं कोर्टात सांगितलं तर जानेवारीच्या तारखेला तुझी शिक्षा निम्म्यावर येईल. बदामाला फुलं येतील तेव्हा तू घरी असशील. नाही सोडला तर सगळी भोगायची. वकिलाने हे आम्हाला इतक्या वेळा समजावलंय की आता आई त्याला समजावते.

म्हणून सांगते, तोवर मोडून पडू नकोस. खात जा. कुणी भांडण उकरलं तर बहिरा हो, लहानपणी मी हाक मारली की व्हायचास तसा.

बाबा? अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहेत.

तुझी ताई,
इन्साफ

१० नोव्हेंबर

नायफ,

उत्तर नाही. ठीक आहे, भिंतीशी बोलायची मला सवय आहे, माझं लग्न झालेलं होतं.

तोडणी संपली. आपली झाडं आपल्याला झोडता आली नाहीत, रिवाजाने आपल्याला आळी सोडावी लागली, तिकडे जायचं नाही असंच ठरलंय. रजाकाकांच्या तेलाच्या घाण्यावर कामाला गेले. या खोल्याही घाण्याच्या वरच आहेत, त्यामुळे अंथरुणापासून नमाजाच्या चटईपर्यंत सगळ्याला तेलाचा वास. आई म्हणते, निदान कातडी तरी मऊ राहील. तिची ती जुनी खोड तशीच आहे, खड्ड्यात पडली तरी म्हणेल की इथे वारा लागत नाही.

रात्री जेवताना बाबा अजून तो खेळ खेळायला लावतात. आज देवाचे आभार कशाबद्दल, प्रत्येकाने एक सांगायचं, आणि काल सांगितलेलं आज चालायचं नाही. तू एकदा म्हणाला होतास, "आज ताईने स्वयंपाक केला नाही याबद्दल," आणि बाबांना हसून हसून ठसका लागला होता. आता तिघेच उरलोत, त्यामुळे लवकर आटपतं. काल आई म्हणाली, गुडघा दुखतोय तो एकच. मी म्हटलं, तुझ्या जागी आलेला नवा गॅसवाला. त्याचं तुला सांगायला हवं. तो आपल्या जुन्या आळीतून जाताना गाडीवरची गॅस आल्याची ती धून बंद करतो आणि पान्याने टाकीवर ठोकत जातो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लेक गेल्यापासून ती धून ऐकली की उम्म शाहेर घरात कान झाकून बसते, हे त्याचं त्यालाच कुठून तरी कळलं. बाबांनी कालचंच पुन्हा सांगितलं, पण आम्ही चालवून घेतलं.

बाबांना गावात आता सगळे हाजी म्हणतात. हाजी, या. हाजी, बसा. मान देतात, तक्रार नाही. पण चाळीस वर्षांच्या माणसापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे ज्यांना अबू नायफ म्हणायचे, त्या माणसाला एका दिवसात सगळं गाव हाजी म्हणायला लागलं. नायफचा बाप म्हणायचं तर नायफ म्हणावं लागतं ना. बाबा हाकेला लगेच वळत नाहीत. मला वाटायचं, ऐकू कमी येतंय.

आता एक बोलते आणि पुन्हा बोलणार नाही. गाडी मागे सरकली, ब्रेक लागला नाही, ते कुणाच्याही हातून झालं असतं. उतारच तसा आहे. पण तू गाडीतून उतरलास, पाहिलंस आणि पळालास. लमीस रस्त्यात पडून होती आणि तू काकांच्या घाण्यात पोत्यांमागे लपला होतास. अबू शाहेर त्याबद्दलच अडून बसलाय. तो म्हणतो, नशिबाचं मी देवाकडे सोपवलं, पळण्याचं कुणाकडे सोपवू? याचं उत्तर लिहिणार असशील तर त्याला लिही.

बाबा ठीक आहेत. परवा फिरायला गेले होते, कुणीतरी गाडीत बसवून आणून सोडलं. पायात एकच चप्पल होती.

इन्साफताई

३ डिसेंबर

नायफ,

आपल्याकडे मरणाऱ्या माणसाला जरी विचारलं, कसं आहे, तरी तो म्हणतो अल्हम्दुलिल्लाह. फार सोयीचा शब्द आहे. मी तुला दोन पत्रांत तोच खपवला. आता नाही खपवत, कारण जाहाचा दिवस ठरलाय आणि तुला कळायला हवं.

बाबा विसरतात. चष्मा, चावी हे नाही रे, ते तर आपण सगळेच. ते आळी सोडलेली विसरतात. सकाळी उठून विचारतात, आपण रजाकडे किती दिवस राहायचं, घरी कधी जायचं? मग आई त्यांना सांगते. नायफच्या गाडीखाली लमीस गेली, म्हणून आपण आळी सोडली. आणि ते रडतात. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात, आपली लमीस, आपल्या अंगणात वाढलेली पोर, असं म्हणत कपाळ बडवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच. आई म्हणते, खोटं कसं सांगू, पाप लागेल. मी घाण्यावर लवकर निघून जाते ते कामाच्या ओढीने नाही.

तो फिरायला गेल्याचा दिवस आठवतो? दोन टेकड्या चालून ते आपल्या जुन्या घरी गेले होते. कुलूप पाहून पायरीवर बसले. आळीतलं कुणी जवळ जाईना, कुणी हाकलेना. शेवटी पलीकडच्या शिंप्याने आणून सोडलं. डॉक्टर म्हणतात, हे आधीच सुरू झालं असणार, धक्क्याने उघडं पडलं. म्हणजे हे तुझ्यामुळे नाही. तू लगेच तेही स्वतःच्या डोक्यावर घेशील, म्हणून लिहिते. असलेलं ओझं पुरे आहे.

आता खरी अडचण. गुन्हा करणाऱ्याचा बाप बरोबर नसेल तर ती जाहा कसली? बाबांना न्यावंच लागणार. आणि तिथे काय करायचं असतं ते तुला माहीत आहे. कॉफीचा पेला हातात येईल, तो घ्यायचा, पण ओठाला लावायचा नाही. समोर ठेवायचा. काका मागणं मागतील आणि अबू शाहेर म्हणेल, "तुमची कॉफी प्या," तेव्हाच प्यायची. आधी प्यायलं तर काय, पाहुणे म्हणून आलात, पाहुणचार झाला, आता उठा. मग तोंड उघडायची सोय नाही. आणि पुन्हा जाहा न्यायला कोण तयार होणार?

म्हणून आमच्या घरात रोज संध्याकाळी तालीम चालते. आई अबू शाहेर होते, कमरेला हात लावून मिशी असल्यासारखी उभी राहते. मी काका. बाबांच्या हातात पेला दिला की आई म्हणते, "काय करायचं?" बाबा म्हणतात, "खाली ठेवायचा." "का?" "पोरासाठी." रोज बरोबर सांगतात. काल तर आईलाच म्हणाले, "किती वेळा विचारतेस, विसरलीस का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून घाण्यावरची माणसं विचारायला वर आली.

ते म्हणतात ना, पोरासाठी, तेव्हा त्यांना नक्की ठाऊक असतं.

माझ्यावर रागव हवं तर, पण जेव.

इन्साफ

१५ डिसेंबर

नायफ,

तुला वकिलाकडून कळलंच असेल की काही झालं नाही. काही झालं नाही असं नाही. मी तिथे होते. बाबा माझ्याशिवाय गाडीतून उतरेनात, म्हणून काकांनी हात जोडून परवानगी काढली आणि मला दाराशी, चपला काढतात तिथे बसवलं. पुरुषांना ते आवडलं नाही. मलाही चपलांचा वास आवडला नाही.

बैठक भरलेली होती. कॉफी शाहेरने ओतायची, घरातला तरुण मुलगा तोच. तो हाताची घडी घालून बसून राहिला. मग अबू शाहेर स्वतः उठला. या वयात, गुडघ्यावर हात टेकून. किती वाळलाय तो. पहिला पेला काकांना दिला. काकांनी तो समोर जमिनीवर ठेवला आणि घसा साफ केला. दुसरा बाबांना. मी मनात म्हणत होते, खाली ठेवायचा, खाली ठेवायचा. आणि बाबांनी तो घेतला आणि पिऊन टाकला.

त्यांचं काय चुकलं सांग? तीस वर्षं त्या बैठकीत, त्याच गादीवर बसून, त्याच माणसाच्या हातची कॉफी ते प्यायलेत. आमची तालीम तेलाच्या वासाच्या खोलीत झाली होती. इथे आल्यावर हाताला जे ठाऊक होतं ते हाताने केलं.

काकांचं तोंड उघडं ते उघडंच. बाबांनी पेला हलवला नाही, नुसता पुढे धरला. पेला हलवला नाही तर पाहुण्याला आणखी हवी आहे, आणि यजमानाने ओतायलाच हवी. अबू शाहेरने ओतली. बाबा प्यायले, पुन्हा पेला पुढे. त्याने पुन्हा ओतली. आणि मग बाबा, आपल्या घरी बोलावं तसं, मांडी सैल करून म्हणाले, "आज लमीसने केली नाही वाटतं. तिच्या हाताला वेगळी चव आहे. कुठंय ती?"

शाहेर ताडकन उठला आणि बाहेर गेला. माझ्या अंगावरून गेला, माझ्या हातावर पाय पडला त्याचा, त्याला कळलंही नसेल. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता हा म्हातारा किटली फेकून मारणार, आणि मारली तर बरोबरच आहे.

अबू शाहेर किटली धरून उभा होता. तोटीतून थेंब थेंब सतरंजीवर पडत होते. मग तो बोलला, अगदी साध्या आवाजात.

"शाळेत गेलीय, अबू नायफ. दुपारी येईल."

"बरं," बाबा म्हणाले, आणि पेला हलवून परत दिला.

त्याने अबू नायफ म्हटलं, नायफ. सगळ्या बैठकीसमोर, तुझं नाव घेऊन.

त्यानंतर बोलायला काही उरलं नव्हतं. रिवाज तो रिवाज. मानाची माणसं उठली, काकांचा पेला जमिनीवर तसाच भरलेला राहिला. परतताना काका टेकडीच्या वळणावर गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. बाबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत विचारत होते, काय झालं रे, कोण गेलं?

आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिली, ते कोरडं होतं. मग म्हणाली, "आम्ही रोज सकाळी त्या पोरीला त्यांच्यासाठी पुन्हा मारत होतो. आणि तिच्या बापाने तिला एका वाक्यात शाळेत पाठवली." त्या दिवसापासून तिने खरं सांगणं सोडलं. पाप लागायचं असेल तर लागो म्हणते.

तू रागावला असशील तर माझ्यावर रागव. मीच दाराशी बसले होते, ओरडायला हवं होतं. बाबांवर नको.

इन्साफ

२८ जानेवारी

नायफ,

तारीख होऊन गेली. त्यांच्याकडून कोर्टात कुणी आलं नाही, हक्क सुटला नाही, शिक्षा आहे तेवढीच राहिली. हे तुला माझ्याआधी कळलं. तू ऐकताना मान खाली घातली नाहीस असं वकील म्हणाला. त्या दिवशी जेवताना मी त्याबद्दलच आभार मानले.

आणि दोन दिवसांनी तुझी चिठ्ठी आली. वर्षभरात पहिली, आणि तीही एका ओळीची. कागद महाग झालाय का तिकडे? आईने ती उशाखाली ठेवलीय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी दुसरं सांगू दे.

जाहा होऊन गेल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी नमाजानंतर खाली गाडीचा आवाज आला. अबू शाहेर त्याची जुनी पिकअप घेऊन आला होता. आईला वाटलं भांडायला आला, तिने मला मागच्या खोलीत ढकललं. तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही. म्हणाला, हाजीला घ्यायला आलोय, कॉफीला नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. मग म्हणाला, "माफ केलं असं समजू नका. ते माझ्या एकट्याच्या हातात नाही, आणि माझ्याच्याने अजून होतही नाही. पण सगळ्या गावात लमीस कुठंय असं मला विचारणारा हा एकटाच उरलाय. बाकीचे मी दिसलो की तिचं नाव गिळतात."

तेव्हापासून दर शुक्रवारी नेतो. बाबा विचारतात, तो सांगतो शाळेत गेलीय. कधी सांगतो, आज तिला उशीर होईल, परीक्षा आहेत. एकदा म्हणे दोघांनी बसून तिच्या लग्नाला कुणाला बोलवायचं ते ठरवलं. बाबांनी आल्यावर आम्हाला सांगितलं, नवे कपडे शिवायला टाका. मी हो म्हटलं आणि खाली जाऊन पोती मोजल्यासारखं करत राहिले.

उम्म शाहेर समोर येत नाही. शाहेर शुक्रवारी घरात थांबत नाही. पण मागच्या खेपेला बाबा आले तेव्हा त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा दांडगा वास येत होता. अबू शाहेर वेलदोडा बेतानेच घालतो, हातचा राखून. एवढा घालणारी त्या घरात एकच बाई आहे. मी त्याचा काही अर्थ काढत नाही. तूही काढू नकोस. फक्त सांगितलं.

आता तुझा प्रश्न. बाबा माझी आठवण काढतात का, असं तू विचारलंस. तुला काय उत्तर हवं होतं मला माहीत नाही. काढतात म्हटलं तर तुझा जीव तुटेल, नाही म्हटलं तरी तुटेल. म्हणून जे आहे ते लिहिते.

रोज विचारतात. दुपारच्या सुमाराला, जेवायला बसायच्या आधी, नायफ कुठंय? आम्ही आता खरं सांगत नाही, अबू शाहेरकडून शिकलो ते सांगतो. नायफ गॅसची गाडी घेऊन गेलाय, येईल इतक्यात. ते बरं म्हणतात आणि तुझ्या वाटणीची भाकर फडक्यात गुंडाळून ठेवतात. संध्याकाळी ती मी खाते. जाडी झालेय, आलास की हसशील.

काल मात्र ऐकल्यावर भाकर हातातच राहिली. मला वाटलं, आठवलं. मग म्हणाले, "त्याला सांग, आळीच्या उतारावर गाडी सावकाश घे म्हणावं. शाळा सुटायची वेळ आहे, पोरी रस्त्यावर असतात."

मी म्हटलं, हो बाबा, सांगते.

तुझी ताई,
इन्साफ